रानांतला पाऊस व पावसाळी पोषाख

शिकारीचा छंद आपल्या देशांत आतां इतिहासजमा झाला आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला आळा घातला व १९९१ सालच्या दुरुस्तीनें उरलेलें दारही बहुतेक बंद केलें. आणि तें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. परंतु रानांत हिंडण्याची हौस कांहीं कायद्यानें बंद होत नाहीं. उलट जुने शिकारी पावसाळा लागला कीं बहुधा बंदुकीला तेल लावून घरीं बसत, तर हल्लींचीं मुलें-मुली आषाढाची झड लागतांच पाठीवर पिशवी टाकून हरिश्चंद्रगड, राजमाची, तोरणा गांठतात. निघतांना घरांतील वडील माणसें एकच गोष्ट विचारतात, "रेनकोट घेतलास ना?" पण कोणता रेनकोट, किती वजनाचा व किती पैशांचा, याचा विचार घरांत क्वचितच होतो. दुकानदार देईल तो घ्यावयाचा आणि पहिल्याच चढावर "हा आंतूनच भिजतो" म्हणून त्याला नांवें ठेवावयाचीं, अशी रीत पडली आहे.

ही तक्रार खोटी नाहीं, व तिचें कारण समजल्याशिवाय पैसा योग्य ठिकाणीं खर्च व्हावयाचा नाहीं. चढ चढणाऱ्या माणसास घाम भरपूर येतो. ज्या कापडांतून पाणी आंत येत नाहीं, त्यांतून घामाची वाफही बाहेर जात नाहीं. ती आंतल्या बाजूस पाणी होऊन बसते. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें दोन कापडांमध्यें रबराचा थर देण्याच्या युक्तीचें पेटंट १८२३ सालीं घेतलें, तेव्हांपासूनची ही अडचण आहे. त्याचें कापड थंडींत कडक होई व उन्हांत चिकट होई. रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची कृति १८४० नंतर निघाली आणि तो दोष गेला, पण घामाचा प्रश्न राहिलाच. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनीं १९२० सालीं बंगालमध्यें जलरोधक कापडाचा स्वदेशी उद्योग काढला, आणि त्यांचे 'डकबॅक' रेनकोट पुढें घराघरांतल्या खुंटीवर आले. त्यांचा तो रबरी वास ज्यांना आठवतो, त्यांना तो घामही आठवत असेल. इंग्लंडांतील टॉमस बर्बेरीनें रबर टाळून, सूतच आधीं जलरोधक करून दाट विणण्याचा मार्ग काढला होता. १९२४ सालीं मॅलरी एव्हरेस्टवर गेला तो त्याच गॅबर्डीनच्या पोषाखांत. त्यांतून वाफ जाई. पण आपल्या मुसळधारेपुढें तें कापड टिकणारें नव्हे.

पुढें १९६९ सालीं अमेरिकेंत बॉब गोर यांनीं टेफ्लॉनचा पदर झटक्यानें ताणून त्यांत अतिसूक्ष्म छिद्रें निर्माण करण्याची रीत शोधली. पाण्याचा थेंब जाणार नाहीं, पण वाफेचा कण जाईल, इतकीं तीं बारीक! 'गोअरटेक्स' तें हेंच. कापड उत्तम आहे. मात्र त्याची किंमत मोजण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आंत वाफ जास्त व बाहेर कमी असेल, तरच ती कापडांतून बाहेर पडते. हिमालयांत अथवा स्कॉटलंडांत हवा थंड, म्हणून तिच्यांत वाफ थोडी. तेथें हा पदर आपलें काम चोख करतो. कर्जत-कसाऱ्याकडे जुलैंत पायथ्याची हवा कोमट आणि वाफेनें ओथंबलेली असते. आंत-बाहेर फारसा फरकच उरत नाहीं, मग वाफ जाणार कोठें? म्हणजे दहा-पंधरा हजारांचा तो कोट आपल्या चढावर साध्या कोटाहून थोडाच बरा ठरतो.

आमच्या मतें याचें उत्तर आपल्या शेतकऱ्यांनीं केव्हांच काढून ठेविलें आहे. भात लावणाऱ्या बायकांचें इरलें आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा व त्यांत दाबून बसविलेलीं रुंद पानें. डोक्यावरून पाठीवर उतरणारें हें छप्पर वांकून काम करतांना सारा पाऊस झेलतें, दोन्ही हात मोकळे ठेवतें आणि खालून वारा खेळूं देतें. इरल्यांत घाम सांचत नाहीं. धनगराची घोंगडी उलट्या जातीची. ती पाणी सर्वस्वीं अडवीत नाहींच. पण लोकर ओली झाली तरी पुष्कळशी ऊब धरून ठेवते. भिजल्यावर तिचें ओझें मात्र शहरी खांद्याला पेलण्यासारखें नसतें.

कोणी म्हणेल, आपल्याकडे ऊब कशाला? पायथ्याशीं ती खरोखरच लागत नाहीं. परंतु हजार मीटर चढल्यावर हवा सुमारें ६ अंशांनीं उतरते, माथ्यावर वारा असतो, आणि पाणी हवेच्या सुमारें २५ पट वेगानें उष्णता वाहून नेतें. चिंब सुती सदरा व जाड जीन्सची विजार घालून माथ्यावर दोन तास वाऱ्यांत बसलेला तरुण आधीं कुडकुडूं लागतो. मग बोलणें अडखळतें, बोटांना गांठ सुटत नाहीं, पाऊल वांकडें पडूं लागतें, आणि तो स्वतः "मला कांहीं झालें नाहीं" म्हणत असतो. पुढें कुडकुडणेंही थांबलें तर तें सुधारणेचें चिन्ह समजूं नये. ती धोक्याची सूचना आहे. ओले कपडे काढून कोरडे चढवावे, वारा अडवावा, नीट शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा व ताबडतोब मदत मिळवावी. हातपाय चोळूं नयेत, आणि मद्य तर मुळींच देऊं नये. यासाठीं पिशवींत एक कोरडा जोड असावा लागतो, व नेमका तोच बहुतेकांजवळ नसतो. म्हणून खरेदीचा पहिला रुपया रेनकोटावर नव्हे, तर पिशवीच्या आंत घालावयाच्या जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीवर खर्चावा. तिच्यांत एक सुका सदरा, विजार, मोजे व लोकरीचा पातळ स्वेटर ठेवून तोंड पिळून बांधलें, म्हणजे अंगावर कितीही पाऊस पडो.

आतां अंगावरचें. झाडींतल्या सरळ वाटेनें, वारा बेताचा असतांना छत्रीसारखें साधन नाहीं. पक्षी पाहणारांनीं ती अवश्य न्यावी, दुर्बिणीच्या कांचा कोरड्या राहतात. उघड्या धारेवर ती निरुपयोगी. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर दरींतून उसळणारा वारा पावसाला खालून वर नेतो. तेथें छत्रीनें काय करावें? त्यानंतर पोंचो, म्हणजे मधोमध टोपी बसविलेली चौकोनी चादर. हलक्या नायलॉनचा पोंचो २०० ते ४०० ग्रॅम भरतो, पाठीवरच्या पिशवीसकट अंग झांकतो, बाजूंनीं वारा घेतो, आणि वेळ पडल्यास दोऱ्या बांधून त्याचेंच छप्पर होतें. साधारण पांचशें रुपयांच्या आंतबाहेर मिळणारी याहून सोयीची वस्तु आम्हांस ठाऊक नाहीं. आम्ही त्यास नव्या काळाचें इरलेंच समजतों. त्याचा दोष एक, पण मोठा: वाऱ्यानें तो फुगतो व उतरतांना पुढचें पाऊल दिसूं देत नाहीं. कमरेशीं नाडी बांधल्यानें थोडें भागतें. परंतु कातळांत खोदलेल्या उभ्या पायऱ्यांच्या गडावर पोंचो नेऊंच नये.

तेथें आंखूड कोट बरा. दुचाकीवर वापरतात तो जाड कोट-विजारीचा जोड वजनाला भारी व आंतून भट्टीसारखा. तो दुचाकीवरच शोभतो. चढासाठीं आंतून पातळ लेप दिलेलें नायलॉन किंवा पॉलिएस्टर पाहावें, काखेखालीं उघडणारी चेन असल्यास तोच कोट निवडावा, आणि अंगाला घट्ट बसणारा घेऊं नये. कापडावर ३०००, ५०००, १०००० असे आंकडे छापलेले असतात. तितक्या मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तें कापड पेलतें, असा त्यांचा अर्थ. मोठा आंकडा उपयोगी पडतो तो पट्ट्याचा दाब पडणाऱ्या खांद्यावर व ओल्या दगडावर बसतांना. एरव्हीं ३००० ते ५००० पुरे. आंकड्यापेक्षां शिवण तपासावी. आंतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटविलेली नसेल तर सुईच्या भोंकांतूनच पाणी येतें. घरीं आणल्यावर बाहीचें तोंड बांधून तिच्यांत तांब्याभर पाणी ओतावें व दहा मिनिटें टांगून ठेवावी. दुकानदाराच्या शपथांची गरज पडत नाहीं.

जुन्या शिकाऱ्यांची एक कसोटी मात्र अजून घेण्यासारखी आहे: कापड वाजतां कामा नये. हरणाच्या मागावर जाणाऱ्या स्कॉटिश लोकांत लोकरीच्या ट्वीडला मान आहे, त्याचें एक कारण त्याचा मऊ निःशब्दपणा. चुरचुरणाऱ्या प्लास्टिकांत पक्षी पाहूं जाणें व्यर्थ होय. रंगाच्या बाबतींत पक्षीनिरीक्षकानें हिरवा-मातकट घ्यावा. पण गडावर जाणाऱ्या मुलांना भगवा-पिवळा भडक रंगच द्यावा. धुक्यांत वाट चुकलेला हिरवा कोट दहा हातांवरून दिसत नाहीं.

एकत्र कुटुंबांत सारीं भावंडें एकाच रविवारीं निघत नसतील, तर चांगला एक कोट पुरतो. तो सर्वांत उंच मुलाच्या मापाचा घ्यावा व बाह्या दुमडून इतरांनीं वापरावा. मात्र आल्याबरोबर तो ओलाच घडी करून कपाटांत कोंबणाऱ्यास त्या महिन्यांत पुन्हां देऊं नये. आंतला लेप दमटपणानें चिकट होऊन पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि मग कोणतीही पट्टी त्याला वांचवीत नाहीं. साध्या पाण्यानें चिखल धुवावा, सावलींत दोन्ही बाजूंनीं वाळवावा, इस्त्री दाखवूं नये, आणि नवरात्रांत पावसाळी सामान आंवरतांना घडी न करतां रुंद खुंटीवर सैल टांगून ठेवावा.