घरच्या सर्व्हरसाठी मोफत प्रणाली निवडताना...

जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घरातील छायाचित्रे व कागदपत्रे साठविणारा सर्व्हर उभारणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. प्रश्न असतो तो कार्यप्रणालीच्या निवडीचा. सर्व्हर अहोरात्र चालू राहतो. त्यामुळे नवनव्या सुविधांपेक्षा सुरक्षाविषयक दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

मात्र, केवळ वर्षांचा आकडा पाहून भागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या 'सेंटओएस ८'ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार होत्या. परंतु, डिसेंबर २०२० मध्ये 'रेड हॅट' कंपनीने ही मुदत २०२१ अखेरपर्यंत खाली आणली आणि वापरकर्त्यांना वर्षभरात दुसरी प्रणाली शोधावी लागली. त्यातूनच २०२१ मध्ये 'अल्मालिनक्स' आणि 'रॉकी लिनक्स' पुढे आल्या. दोन्हींचे धोरण सुमारे दहा वर्षांच्या दुरुस्त्यांचे आहे.

'उबुंटू'ची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते. तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. वैयक्तिक वापरासाठी मोफत नोंदणी केल्यास पाच संगणकांपर्यंत ही मुदत दहा वर्षे होते. मात्र, हे आश्वासनही एका कंपनीचेच आहे.

१९९३ मध्ये सुरू झालेली 'डेबियन' स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तिची मुदत एकूण पाचच वर्षांची. पण कोणा एका कंपनीच्या निर्णयावर तिचे भवितव्य अवलंबून नाही. घरगुती वापरासाठी म्हणूनच ती उजवी ठरते. अर्थात, प्रणाली कोणतीही निवडली, तरी माहितीची दुसरी प्रत स्वतंत्र डिस्कवर हवीच.