किटणातली अक्षरे

नांगराच्या फाळाला अडखळून नाण्यांनी भरलेले एखादे मडके फुटते आणि शतकानुशतके जमिनीत राहिलेला ऐवज उजेडात येतो, तेव्हापासूनच त्याच्यावरचे खरे संकट सुरू होते. कारण मातीने जे राखले ते चिंच, लिंबू, राख आणि काथ्या यांच्या साह्याने माणूस तासाभरात घालवून बसतो. देवघरातली उपकरणी ज्या निष्ठेने उजळावयाची, त्याच निष्ठेने तांब्याची शिवराई घासली जाते आणि हिरवे पूट विरघळता विरघळता ‘श्री राजा शिव’ ही अक्षरेही त्याबरोबर निघून जातात. ओल, क्षार आणि हवा यांच्या योगे जमिनीतले तांबे हळूहळू आपल्या खनिजरूपाकडे परतते: धातूलगत लाल क्युप्राइट, त्यावर हिरवे मॅलकाइट, क्वचित निळे अझुराइट, आणि या रूपांतरात टांकसाळीत उमटलेला मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत न राहता किटणाच्याच एखाद्या थरात शिल्लक राहतो. तो थर ओळखून तेथे हात आवरणे, हेच पुरावस्तूंच्या रसायनज्ञाच्या विद्येचे मर्म आहे, असे मला वाटते.

ही विद्या फार जुनी नाही. १८८८ मध्ये बर्लिनच्या शाही संग्रहालयांत फ्रीडरिख राटगेन यांच्या हाती रसायनशाळा सोपविण्यात आली. आपल्याकडे भारतीय पुरातत्त्व खात्यात १९१७ मध्ये रसायनशाखा निघाली आणि महंमद सनाउल्ला यांनी तिचा कारभार पाहिला. त्या काळी विद्युत्प्रवाहाने किंवा जस्त व दाहक सोडा वापरून सारे किटण उतरवून टाकण्याची पद्धत रूढ होती. आज सूक्ष्मदर्शकाखाली बांबूची कामटी, साळिंदराचा काटा आणि शस्त्रवैद्याची बारीक सुरी यांनी कणाकणाने माती सोडविणे अधिक श्रेयस्कर मानतात.

या सावधगिरीचे मोल जोगलटेंभीच्या निधीवरून ध्यानी येते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या या गावी चांदीची १३,००० हून अधिक नाणी सापडली. ती क्षहरात क्षत्रप नहपानाची; एका अंगास त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या अंगास बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला, आणि जुन्या राजाच्या नाकाडोळ्यांवर सातवाहनांचा तीन कमानींचा पर्वत व उज्जयिनी-चिन्ह उमटले. दख्खनच्या मुलखातल्या सत्तांतराचा इतका सरळ दस्तऐवज दुसरा क्वचितच मिळेल. पण अशा नाण्यावर खालचा छाप अत्यंत उथळ उरलेला असतो, आणि घासणाऱ्याने केसभर चांदी नेली की पराभूत राजा पुराव्यातून कायमचा नाहीसा होतो. शिवाय चांदीत मिसळलेले तांबे जमिनीत बाहेर झिरपून नाण्याला हिरवे करते, त्यामुळे वरवर पाहणारा त्याला तांब्याचे समजतो. अशा वेळी सौम्य फॉर्मिक अम्ल ताम्रक्षार विरघळविते आणि चांदीस धक्का लावीत नाही. मात्र पुरलेली चांदी ठिसूळ होते, म्हणून वाकलेले नाणे सरळ करू पाहणे म्हणजे त्याचे दोन तुकडे करणे होय.

कांस्यरोगाची गोष्ट याहून कठीण आहे. जमिनीतले क्लोराइड धातूलगत क्युप्रस क्लोराइडच्या रूपाने दडून बसते. वस्तू बाहेर आली, पावसाळी हवा लागली, की त्यातून फिकट हिरवी भुकटी फुटते, त्याबरोबर हायड्रोक्लोरिक अम्ल सुटते, ते उरलेल्या तांब्यास खाते, आणि हे चक्र वस्तू संपेपर्यंत चालू राहू शकते. त्यावर सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाच टक्के द्रावणात वस्तू आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, ठेवावी लागते. द्रावण वेळोवेळी बदलतात, आणि काढलेल्या पाण्यात नायट्रिक अम्लासह सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर ते दुधाळ होण्याचे थांबेपर्यंत क्लोराइड निघत आहे असे समजतात. १९६७ पासून बेंझोट्रायाझोलचाही उपयोग होऊ लागला आहे. ते विषारी असल्याने हातमोज्यांवाचून हाताळू नये. इतके करूनही हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राखावी लागते, आणि आमच्या कोकणात ही तजवीज बंद डबी व सिलिका जेल यांवाचून होत नाही.

सातवाहनांनी शिशाचीही नाणी पाडली, आणि त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. इतर धातूंना निर्धोक असलेले ऊर्ध्वपातित पाणीही शिशाला बाधते, आणि लाकडी कपाटातून सुटणाऱ्या ॲसेटिक अम्लाच्या वाफेने ते पांढऱ्या भुकटीत मोडून जाते.

म्हणून ज्याला असा निधी सापडेल त्याने काहीही न धुता तो जसाच्या तसा ठेवावा आणि १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी. मडक्याची खापरे आणि आतली मातीदेखील नाण्यांबरोबरच हवाली करावी. ताम्रक्षार सूक्ष्मजंतूंना मारतात, त्यामुळे थैलीच्या कापडाचा एखादा धागा किटणात न कुजता टिकून असतो, आणि तो धुऊन गेला की नाणी पुरणाऱ्याने ती कशात बांधली होती हे पुढे कोणत्याही रसायनशाळेस शोधून काढता येत नाही.