चवडा उचलणारे यंत्र

पक्षाघातानंतर पायात थोडीफार ताकद परत आली, तरी अनेक रुग्णांचा चवडा लोंबताच राहतो. याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. पाऊल पुढे टाकताना बोटे जमिनीला घासतात. ते टाळण्यासाठी रुग्ण कंबर उचलतो आणि पाय बाहेरून गोल फिरवत पुढे आणतो. तेवढा वेळ सगळा भार चांगल्या पायावर येतो, धड झुकते. अशा वेळी तोल जायला उंबरा किंवा चटईची कडही पुरते.

यात बिघाड मेंदूत असतो. पायाच्या नसा आणि स्नायू शाबूत असतात, फक्त त्यांना हुकूम मिळत नाही. तो हुकूम विजेने देता येतो, या कल्पनेवर फूट ड्रॉप स्टिम्युलेटर उभा आहे. अमेरिकेत व्लादिमीर लिबरसन आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्ये असे उपकरण मांडले. पुढे इंग्लंडमधील सॅलिसबरीच्या रुग्णालयात ‘ओडस्टॉक’ स्टिम्युलेटर तयार झाला.

उपकरणाचे भाग मोजके आहेत: कमरेला लावायची बॅटरीवरची पेटी, दोन चिकट इलेक्ट्रोड आणि बुटात टाचेखाली बसणारा स्विच. एक इलेक्ट्रोड गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकाजवळ लावतात, कारण चवडा उचलणाऱ्या स्नायूंची नस तिथे कातडीजवळून जाते. दुसरा नडगीच्या पुढच्या स्नायूवर बसतो. टाच उचलली की स्विच सुटतो, विजेचे स्पंद सुरू होतात आणि चवडा वर येतो. टाच पुन्हा टेकली की स्पंद ओसरतात. मात्र ते एकदम तोडले, तर पाऊल आपटते. स्पंद साधारण सेकंदाला 40 आणि प्रत्येकी काहीशे मायक्रोसेकंदांचे असतात. इलेक्ट्रोड बोटभर सरकला, तरी पाऊल आत किंवा बाहेर वळू शकते. म्हणून जागा ठरवताना फिजिओथेरपिस्ट रुग्णाला चालवून पाहतात.

विजेने आकुंचन पावणारा स्नायू नेहमीपेक्षा लवकर थकतो, त्यामुळे वापर हळूहळू वाढवतात. पेसमेकर, आटोक्यात नसलेली फिट्स किंवा इलेक्ट्रोडच्या जागी जखम असेल, तर हे उपकरण सहसा देत नाहीत. नसच तुटली असेल, तर त्याचा उपयोग होत नाही.

ओडस्टॉकची 32 रुग्णांवरील चाचणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपीला उपकरणाची जोड मिळालेल्या गटाचा चालण्याचा वेग, उपकरण सुरू असताना, सुमारे 20 टक्क्यांनी वाढला; नुसती फिजिओथेरपी घेणाऱ्यांचा सुमारे 5 टक्क्यांनी. उपकरण बंद असताना मात्र पहिल्या गटातही ही सुधारणा दिसली नाही. म्हणजे मुख्य लाभ चष्म्यासारखा, वापरात असेपर्यंतचा होता. अमेरिकेतील 197 रुग्णांच्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 30 आठवड्यांनंतर उपकरण आणि घोट्याचा प्लास्टिकचा पट्टा यांचा वेगावरील परिणाम जवळपास सारखाच निघाला; वापरणाऱ्यांचे समाधान मात्र उपकरणाबाबत अधिक होते.

तोलाची मोजणी वेगळी होते. बर्ग तोल चाचणीत बसणे, उठणे, वळणे, एका पायावर उभे राहणे अशा 14 कृतींना प्रत्येकी 0 ते 4 गुण, म्हणजे एकूण 56 असतात. चवडा उचलला गेला, म्हणून हे सगळे गुण आपोआप वाढत नाहीत. उभे राहताना मांडी, नितंब आणि धडाचे स्नायूही लागतात. जाणीव आणि नजरही लागते. त्यामुळे पाऊल अडखळण्याचा धोका उपकरणाने कमी करायचा आणि भार दोन्ही पायांवर घेण्याचा सराव व्यायामाने करायचा, अशी उपचारांची विभागणी केली जाते.