आरा थांबेपर्यंत

सॉ मिलमधल्या बँड-सॉची रचना साधी. खाली एक जड चाक, वर दुसरे आणि दोन्हींवरून फिरणारे दातेरी पोलादी पाते. खालचे चाक मोटरवर फिरते, वरचे पात्याला ताण देते. रुळांवरची ट्रॉली ओंडका पुढे आणते आणि फळ्या सुटत जातात. विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने १८०८ मध्ये याचे पेटंट घेतले, पण पात्याचा सांधा टिकेना. १८४६ मध्ये ॲन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी टिकाऊ सांध्याची रीत काढली, तेव्हा कुठे यंत्र भरवशाचे झाले.

पात्याचा ताण चुकला, दाते बोथट झाले किंवा ओंडक्यात जुना खिळा निघाला, तर पाते आजही तुटून उसळते. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार रुतलेली असते; म्हणून जाणता मिस्त्री असा ओंडका आधी निरखून घेतो.

कापणी थांबल्यावरचा धोका अधिक फसवा. मोटर बंद केली तरी जड चाके फिरतच राहतात. आवाज उतरतो, अडकलेला भुसा काढायला हात पुढे होतो आणि पाते अजून धावत असते. वेगात दाते दिसत नाहीत, नुसती चकाकती पट्टी दिसते.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अवयवांचा हिशेब मांडला: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. पण लाकूड पेलणाऱ्याचा अंगठा गेला की पकडच जाते. त्याचे नुकसान ३० टक्क्यांत कसे मावणार?

१९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण सक्तीचे केले. चाके आणि परतीचे पाते पूर्ण झाकावे. कापणीच्या जागेवरची जाळी ओंडक्याच्या उंचीपर्यंत खाली आणावी. चाकांना ब्रेक असावा. सफाईपूर्वी स्विचला कुलूप लावून किल्ली सफाई करणाऱ्याच्याच खिशात ठेवावी. यातल्या कशालाही नवा शोध लागत नाही. जाळीमुळे काम मंदावते म्हणून ती काढून ठेवली जाते. वाचलेली मिनिटे मालकाच्या खात्यात जमा होतात आणि बोटे कामगाराची जातात.

अपघातानंतर ‘त्याचे लक्ष नव्हते’ एवढ्यावर चौकशी संपवणे अन्यायाचे आहे. दिवसभर भुशात आणि गोंगाटात उभ्या माणसाचे लक्ष कधीतरी ढळणारच. त्या क्षणी जाळी जागेवर होती का, किल्ली कोणाकडे होती, हे आधी विचारले पाहिजे. आणि त्याचे उत्तर मालकाने दिले पाहिजे.