पेपर ११ वाजता सुरू होतो, मग विद्यार्थ्यांना साडेदहालाच का बोलावतात?

फेब्रुवारी महिना. सावद्याच्या आसपास केळीच्या बागांना पाणी देणं चालू असतं आणि गावातल्या हायस्कूलमध्ये बाकांवर बैठक क्रमांक टाकणं चालू असतं. बारावीचे पेपर जवळ आले, हे गावाला असं कळतं.

मग दरवर्षी त्याच तक्रारी सुरू होतात. अर्धा तास आधी कशाला बोलावतात? आपल्याच शाळेतली पोरं, त्यांची झडती कशाला? झेरॉक्सवाल्यानं काय बिघडवलं, त्याचं दुकान का बंद?

या सगळ्याचं कारण एका गोष्टीत आहे. बारावीला राज्यात दरवर्षी १४-१५ लाख विद्यार्थी बसतात. सावद्यातल्या मुलीला मिळालेले ७० गुण आणि पुण्यातल्या मुलाला मिळालेले ७० गुण सारखेच धरायचे, तर दोघांना पेपर एकाच वेळी मिळायला हवा, वेळ तेवढाच मिळायला हवा आणि मदत कुणालाच मिळायला नको. पेपर पुण्यात ठरतो, पण हा सारखेपणा पुण्यात बसून तयार करता येत नाही. तो रोज सकाळी प्रत्येक गावातल्या शाळेत, तिथल्या शिक्षकांना आणि शिपायांना उभा करावा लागतो.

सावदा रावेर तालुक्यातलं गाव. राज्य मंडळाची एकूण ९ विभागीय मंडळं आहेत आणि जळगाव जिल्हा नाशिक विभागात येतो. पेपरची सीलबंद पाकिटं परीक्षेच्या आधीच तालुक्यात आलेली असतात, पण ती शाळेत ठेवत नाहीत. ती असतात परीरक्षक केंद्रात. शिक्षकांच्या भाषेत 'कस्टडी'. त्या दिवशीच्या विषयाची पाकिटं त्या दिवशीच निघतात आणि ती केंद्रावर पोचवतो सहायक परीरक्षक, म्हणजे 'रनर'. अलीकडे रनरच्या मोबाइलचं जीपीएस चालू ठेवायचं आणि पाकिटं ताब्यात घेताना-देताना व्हिडिओ काढायचा, असाही नियम आला आहे.

शाळेत केंद्रसंचालक पाकिटं ताब्यात घेतात. पण तीही ऑफिसात फोडत नाहीत. एका वर्गात, म्हणजे एका 'ब्लॉक'मध्ये २५ विद्यार्थी आणि पाकीटही २५ प्रश्नपत्रिकांचं. हे पाकीट थेट वर्गात जातं. सील शाबूत आहे हे मुलांना दाखवून, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन मगच ते उघडायचं. त्या सह्यांमुळे उद्या कुणी 'पेपर आधीच फुटला होता' म्हणालं, तर निदान या वर्गात तो फुटला नव्हता याचा पुरावा राहतो.

सावद्यात मराठीबरोबर उर्दू माध्यमाचे विद्यार्थीही आहेत. म्हणजे एकाच विषयाची वेगवेगळ्या माध्यमांची पाकिटं. चुकीचं पाकीट एकदा फुटलं की ते परत सील होत नाही. म्हणून बैठक व्यवस्था लावणाऱ्या शिक्षकाचं काम दिसतं त्यापेक्षा फार जोखमीचं असतं. त्याचं कौतुक मात्र कुणी करत नाही.

हे सगळं ११ च्या आत बसवायचं असतं, म्हणून विद्यार्थी साडेदहाला हवेत. उत्तरपत्रिका वाटायच्या, बैठक क्रमांक तपासायचा, बारकोड नीट लागलाय का पाहायचं. पुढे तपासणीला पाठवताना हा बैठक क्रमांक झाकला जातो. पेपर सावद्याचा की साताऱ्याचा, हे तपासणाऱ्याला कळू नये, हा त्यामागचा हेतू.

मोठ्या भावंडांना आठवत असेल, पूर्वी प्रश्नपत्रिका १० मिनिटं आधी वाचायला मिळायची. २०२३ पासून ते बंद झालं, कारण त्या १० मिनिटांत पेपरचा फोटो बाहेर जाण्याची भीती होती. त्याऐवजी तीच १० मिनिटं शेवटी जोडली. म्हणून तीन तासांचा पेपर आता ११ ला सुरू होऊन २ वाजून १० मिनिटांनी संपतो.

भीती खोटी नव्हती. त्याच वर्षी ३ मार्चला गणिताच्या पेपरची पानं शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजात, पेपर सुरू होण्याच्या सुमारे अर्धा तास आधी मोबाइलवर फिरली. प्रकरण विधानसभेत गेलं. अटक झालेल्यांमध्ये शिक्षकही होते.

म्हणजे सील, सह्या, जीपीएस सगळं असलं तरी शेवटी भरवसा माणसांवरच. आणि गावात अडचण इथेच येते. पर्यवेक्षक ज्या वर्गात उभा आहे, तिथे त्याच्या शेजाऱ्याचा मुलगा असतो, पुतणी असते. एखाद्याकडे दुर्लक्ष करणं ही गावात माणुसकी वाटते, पण ज्यानं प्रामाणिकपणे ६२ गुण मिळवले, त्याचा नंबर त्यामुळे मागे जातो. २०२५ मध्ये मंडळानं केंद्रावरचे सगळे शिक्षक दुसऱ्या शाळांचे नेमायचं ठरवलं. मुख्याध्यापक-शिक्षक संघटनांनी विरोध केला, आणि मग आधीच्या वर्षांत गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांपुरताच तो नियम राहिला. सामूहिक कॉपी सापडली तर केंद्र कायमचं बंद, असाही इशारा त्याच वर्षी दिला गेला. केंद्र गेलं की त्याची शिक्षा कॉपी न करणाऱ्यांनाही. पुढच्या वर्षीची मुलं पेपरला दुसऱ्या गावी जाणार.

बरं, एवढा खटाटोप करून मिळालेले गुण कॉलेजला किती उपयोगी पडतात? हे कुठे जायचंय त्यावर आहे. शेजारच्या फैजपूरचं धनाजी नाना महाविद्यालय १९६१ पासूनचं. अशा कॉलेजात बी. ए., बी. कॉम.ला जाणाऱ्यांसाठी बारावीचे गुण म्हणजेच सगळं. इंजिनिअरिंगला मात्र भौतिकशास्त्र, गणित वगैरे विषयांत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के मिळाले की बारावीचं काम जवळपास संपतं. पुढचा नंबर लावते एमएचटी-सीईटी.

ही परीक्षा गावच्या हायस्कूलमध्ये होत नाही. २०१९ पासून ती संगणकावर असते. सगळ्यांना एकाच वेळी बसवता येईल इतके संगणक नाहीत, म्हणून ती अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते. प्रत्येक सत्राला वेगळा पेपर. एक सोपा, एक अवघड निघणारच. म्हणून इथे गुण नाही, पर्सेंटाइल देतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. तुमच्या सत्रातले ९५ टक्के विद्यार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. निकालाच्या दिवशी घरोघरी यावरून गोंधळ उडतो.

चूक झाली तर काय, यातही दोन्ही परीक्षांत फरक आहे. २०२३ च्या बारावीच्या इंग्रजी पेपरात काही प्रश्नांच्या जागी भलतंच छापलं गेलं. पेपर राज्यभर एकच होता, त्यामुळे ते प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना ६ गुण देऊन विषय मिटला. एप्रिल २०२५ मध्ये सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले. चूक एकाच सत्रात असल्यानं सरसकट गुण देणं इतरांवर अन्याय ठरला असता. म्हणून ५ मे रोजी सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा झाली.

सावद्याच्या मुलासाठी सीईटी म्हणजे जळगावसारख्या शहरातलं संगणक केंद्र. पेपर ९ चा असला तरी साडेसातला हजर राहायचं, म्हणजे पहाटे घर सोडायचं. त्यात गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र मराठी-उर्दूतही मिळतं, पण भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. माउसनं उत्तर नोंदवायची सवय नसेल, तर सीईटी सेलच्या वेबसाइटवर सराव परीक्षा मिळते. ती शाळेच्या संगणक कक्षातही देता येते.