घरी शॉकअप बदलताना

गाडीचे वजन पेलते स्प्रिंग. तिची उसळी आवरतो शॉकअप. त्यातले तेल बारीक छिद्रांतून दाबले जाते आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते.

■ शॉकअप खराब झाल्याची लक्षणे : त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ, खड्ड्यानंतर गाडी डुलत राहणे, टायरची खड्डे-उंचवटे पडून झीज.

■ जोडीनेच बदला : पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एकच नवा घातला तर ब्रेक लावताना, वळताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.

■ आधार : सपाट, टणक जागा हवी. नुसत्या जॅकवर विसंबू नका. जॅक स्टँड लावा, उरलेल्या चाकांना अडण द्या.

■ सर्वांत मोठा धोका : पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप यांची एकत्र जोडणी) स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती आवळल्याशिवाय वरचा मधला नट सोडू नका. स्प्रिंग उसळून जीवघेणी इजा होऊ शकते. पहिल्यांदा करणाऱ्याने हा भाग गॅरेजवर सोपवावा.

■ शेवटी : रबरी बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच, कंपनीने दिलेल्या टॉर्कनुसार आवळा. पुढचे स्ट्रट बदलल्यास व्हील अलाइनमेंट करून घ्या.