ली-एनफिल्ड रायफलची लाकडी बैठक

ली-एनफिल्ड रायफलची लाकडी बैठक म्हणजे या रायफलची पोलादी चौकट व नळी तिच्या लाकडी भागांत नेमकेपणाने बसवण्याची रचना होय. इंग्रजीतील रूढ संज्ञेवरून तिला 'बेडिंग' असेही म्हणतात. रायफलची अचूकता आणि लाकडाचे आयुष्य या दोन्ही गोष्टी या बैठकीवर अवलंबून असतात.

पार्श्वभूमी

.३०३ इंच (७.७ मिलिमीटर) व्यासाची ही रायफल १९०७ साली 'मार्क ३' या रूपात ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. भारतात ती बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तयार होत असे, तर तिची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनत. खडकवासला येथे १९५५ साली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे औपचारिक उद्‌घाटन झाले, तेव्हा भारतीय लष्कराची प्रमाण रायफल हीच होती.

रचना

या रायफलचे लाकूड एकसंध नसते. खांद्याला टेकणारा दस्ता वेगळा असून तो एका लांब बोल्टने चौकटीला जोडलेला असतो. नळीखालचे लाकूड स्वतंत्र असते. बार उडताच चौकटीला मागे बसणारा धक्का या लाकडाच्या मागील टोकाजवळील दोन आधारपृष्ठांवर येतो. दोन्ही पृष्ठे सारखी टेकली नाहीत, तर सर्व भार एकाच बाजूवर पडून लाकूड चिरते. त्याला प्रतिबंध म्हणून भारतात लाकडातून आरपार आडवा स्क्रू घालण्यात येई. तो 'ईशापूर स्क्रू' या नावाने ओळखला जातो. ऑस्ट्रेलियात मऊ लाकडासाठी याच जागी तांब्याच्या पट्ट्या बसवत.

नळी लाकडाला सर्वत्र टेकून चालत नाही. मुळाशी तिला भक्कम आधार असतो आणि तोंडाजवळ स्प्रिंगवरील खुंटी तिला खालून हलका दाब देते. मधल्या भागात लाकूड नळीला घासत असल्यास नळी तापल्यावर नेम सरकतो.

बसवण्याची पद्धत

लोखंडी भागाला काजळीचा पातळ थर देऊन तो लाकडात बसवतात व पुन्हा काढतात. जेथे काळा डाग उमटतो, तेथे लाकूड जास्त असते. तेवढेच खरवडून पुन्हा पडताळा घेतात. खरवडलेले लाकूड परत येत नाही, म्हणून हे काम सावकाश करावे लागते. पुढच्या स्क्रूभोवती धातूची लहान नळकांडी असते. लाकूड वाळून आकसल्यास स्क्रू घट्ट लागूनही बैठक सैल राहते.

रायफल सुटी करताना क्रम महत्त्वाचा असतो. दस्त्याच्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवल्यास ते फाटते. म्हणून आधी पुढचे लाकूड आणि नंतर दस्ता काढतात. जोडताना उलट क्रम पाळतात.

जतन

खडकवासल्यासारख्या धरणाकाठच्या परिसरात पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे लाकडाला कच्चे जवसाचे तेल चोळण्याची लष्करी रीत होती. भारतात बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक असतो.